यंत्र कुणाचं, गल्ला कुणाचा?

संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा मोठा, की तो बाजारात विकणारा? आमच्या उचगावात चार शिकलेली पोरं नव्या धंद्याचं बोलू लागली, की हा वाद हटकून निघतो. एक म्हणतो, ‘मी लिहिलंच नाही तर विकणार काय?’ दुसरा म्हणतो, ‘मी गिऱ्हाईक आणलंच नाही तर लिहून करणार काय?’ दोघांचंही खरं, म्हणूनच भांडण मिटत नाही.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. १९२९ साली इथं प्रभात फिल्म कंपनी निघाली. पाच भागीदारांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले कसबी. पाचवे सीताराम कुलकर्णी. त्यांची बाजू भांडवलाची. पैशावाचून चौघांचं कसब वाया गेलं असतं आणि कसबावाचून कुलकर्ण्यांचा पैसा पडद्यावर दिसला नसता. त्याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ पुढं १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्या. लक्ष्मणरावांनी तो उत्तम बनवला. पण लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर घडवण्याइतकंच ती समजूत मोडणं अवघड होतं.

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली. एका बाजूला शिरोली, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगाव. कर्जाचे अर्ज बहुतेक ओतकाम आणि लेथवाल्यांचे. हातात जादू असलेले मिस्त्री उधारी वसूल न झाल्यानं बुडताना पाहिले. तसेच, मुख्य मिस्त्री सोडून गेल्यावर हातावर हात ठेवून बसलेले बोलके मालकही पाहिले.

यातून एक गोष्ट ध्यानात आली. दोघांचं वजन कायम सारखं राहत नाही. माल तयार होईपर्यंत कारागिराचं पारडं जड, तयार झाल्यावर विकणाऱ्याचं. आणि माल जुना झाला की पुन्हा कारागिराचं. मग आजच्या वजनावर जन्माची वाटणी कशी करायची?

आपला १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो, की वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समान. नव्या कंपन्यांत आणखी एक शहाणी रीत आहे: शेअर एकदम पदरात पडत नाहीत, काही वर्षं काम केल्यावर टप्प्याटप्प्यानं पक्के होतात. मधेच सोडून जाणारा सगळं घेऊन जात नाही आणि राहणाऱ्याला आपण फसलो असं वाटत नाही.

आपल्याकडे मात्र मैत्रीत कागद करायची लाज वाटते. मोठा कोण, याचा निकाल नाही लागला तरी चालेल. वाटणीचं बोलणं तेवढं गल्ला रिकामा असतानाच उरकावं. गल्ला भरल्यावर बोलायला मित्र उरत नाहीत, वकील उरतात.