कोण पाहिजे?
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

डबा ऐसपैस खेळताना चाळीतल्या चलाख पोरांची एक ठरलेली युक्ती असे. दोघांनी जिन्याखाली जाऊन एकमेकांचे शर्ट बदलायचे आणि मग एकानं खांबाआडून बाही तेवढी बाहेर दिसू द्यायची. ज्याच्यावर राज्य असे तो शर्टावरून नाव पुकारी, नाव चुके आणि राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर बसे. गिरगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे लपण्याच्या रीती दोन. एक, अंधारात जाऊन बसणं. दुसरी, उजेडातच राहून दुसऱ्याचा शर्ट अंगात घालणं. कॉम्प्युटरवरचे चोरपावलांचे जे खेळ आहेत, त्यांचीही वाटणी साधारण अशीच होते. आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या रीतीच्या एका खेळमालिकेबद्दल. तिचं नाव हिटमॅन.

नाव ऐकूनच काहींच्या कपाळावर आठ्या पडतील, आणि ते रास्तच आहे. या खेळाचा नायक हा सुपारी घेऊन माणसं मारणारा आहे. खेळ प्रौढांसाठीचा आहे, वेष्टनावर तसं छापलेलंही असतं. शाळकरी पोरांच्या हाती तो देऊ नये, असंच माझं मत आहे. तरीही त्यावर बोलावंसं वाटतं. गोळ्या झाडत सुटलं तर या खेळात माणूस नापास होतो, हे एक कारण. आणि २०१८ साली हा नायक चक्क मुंबईत येऊन गेला, हे दुसरं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९८ हे चोरपावलांच्या खेळांचं मोठं साल. त्या एका वर्षात जपानमधून मेटल गिअर सॉलिड आणि तेन्चू आले, अमेरिकेतून थीफ आला. थीफचा नायक गॅरेट हा चोर. खेळताना पडद्याच्या खालच्या बाजूला एक मणी दिसे. तुम्ही उजेडात असाल तर तो उजळे, अंधारात गेलात की काळवंडे. पहारेकऱ्याला तुम्ही दिसता की नाही हे त्या मण्यावरून कळायचं. पायाखाली फरशी असेल तर पाऊल वाजे, गालिचा असेल तर वाजत नसे. ही झाली जिन्याखाली बसण्याची रीत, आणि ती थीफनं इतकी बारकाईनं हाताळली की तिच्यावर कडी करणं अवघड होतं.

त्याच १९९८ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये आयओ इंटरॅक्टिव्ह ही कंपनी निघाली. तिनं २००० साली हिटमॅन : कोडनेम ४७ काढला. टक्कल, काळा सूट, लाल टाय आणि मानेवर दुकानातल्या मालावर असतात तशा काळ्या रेघांची पट्टी, असा हा एजंट ४७. तो अंधार शोधत नाही. तो वेटरचे, पहारेकऱ्याचे कपडे घालतो आणि सरळ दारातून आत जातो. मालिकेतले सगळे खेळ एका प्रश्नावर तोलून पाहता येतात, असं मला वाटतं. कपडे बदललेल्या माणसाला ओळखणार कोण?

पहिल्या खेळाचं उत्तर भाबडं होतं. कपडे बदलले की बहुतेक काम झालं, कुणी फारसं ओळखायचं नाही. कल्पना नवी होती, म्हणून लोकांनी ती चालवून घेतली. २००२ च्या सायलेंट असॅसिननं तराजू एकदम दुसऱ्या बाजूला झुकवला. इथे सगळेच संशयी. आपल्याकडे हे खेळ तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सीडीच्या रूपानं घरोघरी येत होते. माझ्या भाच्यानं तिथूनच हा आणला होता. पडद्यावरचा माझा पहारेकरी घाईत चालू लागला की शेजारी बसलेला भाचा ओरडे, ‘अरे मामा, पळू नकोस! चालत जा!’ कारण गणवेशातला माणूस पळताना दिसला की बाकीचे वळून बघत. गोष्ट खरी आहे, पण लेखकमंडळींनी ती इतकी ताणली की पन्नास पावलांवरचा शिपाईही चालणाऱ्याकडे डोळे वटारून बघे. याच खेळात पंजाबातला एक प्रसंग होता. त्यातली वास्तू आपल्या पवित्र स्थानासारखी दिसते म्हणून शीख संघटनांनी हरकत घेतली आणि खेळात पुढे बदल करावे लागले. या मालिकेची भारताशी पहिली गाठ पडली ती अशी.

खेळ संपला की हुद्दा मिळे. ज्याला मारायचं त्याच्याखेरीज कुणाला धक्का न लावता, कुणाच्या नजरेत न येता बाहेर पडलात, तर सगळ्यांत वरचा हुद्दा ‘सायलेंट असॅसिन’. बंदुकीचा धडाका लावलात तर त्याहून हलका. मालिकेची नीती म्हणा, शिस्त म्हणा, ती इथे पक्की झाली.

२००४ च्या कॉन्ट्रॅक्ट्सवर फार थांबायला नको. जखमी ४७ पॅरिसच्या एका खोलीत पडून जुन्या कामगिऱ्या आठवतो, एवढ्या निमित्तानं पहिल्या खेळातले बरेच प्रसंग पुन्हा रचले आहेत. बाहेर सारखा पाऊस. वातावरण सुरेख, नवा विचार थोडा.

२००६ चा ब्लड मनी मात्र माझा आवडता, आणि त्याचं एक कारण वर्तमानपत्र हे आहे. प्रत्येक कामगिरीनंतर पडद्यावर एक वर्तमानपत्र येतं आणि तुम्ही जे केलंत त्याची बातमी त्यात छापलेली असते. सफाईनं काम झालं असेल तर बातमीत तुमचा मागमूस नसतो. साक्षीदार मागे राहिले असतील, कॅमेऱ्यात चेहरा आला असेल, तर पोलिसांनी काढलेलं तुमचं चित्र छापून येतं, आणि गडबड जितकी जास्त तितकं ते चित्र हुबेहूब. मग पुढच्या गावात लोक तुम्हाला ओळखू लागतात. म्हणजे ओळख ही समोरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांतच राहत नाही, ती छापून येते आणि तुमच्या आधी पुढच्या गावाला पोचते. ‘अपघात’ही याच खेळात आले. पॅरिसच्या ऑपेरात तालीम चालू आहे, नटाला गोळी घालण्याचा प्रवेश आहे. नाटकातलं खोटं पिस्तूल उचलून त्याजागी खरं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. वर्तमानपत्रवाल्यांना दुर्घटना म्हणून बातमी मिळते.

नंतर सहा वर्षं काही नाही. २०१२ साली अ‍ॅब्सोल्यूशन आला. त्याचं उत्तर असं : तुम्ही ज्यांचे कपडे घालाल त्या जमातीतले सगळे तुम्हाला ओळखतील. पोलिसाचा गणवेश घाला, जवळून जाणारा प्रत्येक पोलीस निरखून बघेल. कागदावर हे पटतं. पण एवढ्या मोठ्या शहरातला प्रत्येक हवालदार दुसऱ्या प्रत्येक हवालदाराला थोडाच ओळखतो? दादरच्या फलाटावर सकाळी नऊ वाजता उभं राहून बघावं. खेळणाऱ्यांनी कुरकुर केली आणि माझ्या मते ती बरोबर होती.

ही अडचण सुटली २०१६ च्या खेळात, ज्याचं नाव नुसतं हिटमॅन असंच ठेवलं होतं. इथे पॅरिसच्या फॅशन शोपासून जपानातल्या होक्काइदोच्या रुग्णालयापर्यंत सहा मोठी ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी माणसांचा राबता आहे. तुम्ही आचाऱ्याचे कपडे घातलेत तर बाकीचे तुम्हाला आचारी समजून सोडून देतात. पण मुदपाकखान्याचा मुख्य आचारी फसत नाही, कारण आपल्या हाताखाली कोण आहे हे त्याला ठाऊक असतं. अशा मोजक्या माणसांच्या डोक्यावर खेळात एक पांढरा ठिपका दिसतो. त्यांच्या नजरेला पडायचं नाही, बाकीच्या गर्दीतून खुशाल फिरायचं. सोळा वर्षांनी त्यांना नेमकं सापडलं. सगळे फसत नाहीत आणि सगळे ओळखतही नाहीत. ज्याचा रोजचा संबंध, तोच ओळखतो. गणपतीत मंडळाचा बिल्ला गळ्यात असलेल्याला रांगेतले हजारो लोक वाट देतात, पण मंडळाचा जुना कार्यकर्ता एका नजरेत विचारतो, ‘तू कुठला रे?’

२०१७ साली प्रकाशक कंपनीनं हात काढून घेतला. आयओ स्वतंत्र झाली आणि हिटमॅनचे हक्क तिनं आपल्याकडे राखले. दुसऱ्याच वर्षी नोव्हेंबरात हिटमॅन २ आला, आणि त्यात मुंबई.

मुंबईचा हा भाग मी दोनदा नीट खेळलो. एका बाजूला अर्धवट बांधलेला टॉवर, त्यात दाऊद रंगन नावाचा सिनेमावाला गुंड. पायथ्याशी झोपडपट्टी, धोबीकाम, रेल्वेचं यार्ड, चाळीसारख्या इमारती. वान्या शाह ही तिथली म्होरकी. तिसरा वझीर काळे, ज्याचा चेहराच कुणाला माहीत नाही. खुणा गोळा करून तो गर्दीतून हुडकायचा. आणखी एक भाडोत्री नेमबाजही शहरात आलेला असतो. डाव नीट मांडला तर तो तुमचं काम करून जातो आणि तुम्हाला चापही ओढावा लागत नाही. रंगनला आपलं चित्र काढून घ्यायची हौस, तेव्हा चित्रकार होऊन त्याच्यासमोर उभं राहता येतं. वान्याकडे शिंपी बनून मापं घ्यायला जाता येतं. धोब्याचे कपडे घातले की कपड्यांच्या ढिगांमधून कुणी अडवत नाही.

एक सहा फुटी गोरापान टकलू धोबी बनून फिरतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे बघून आमच्या घरात हशा पिकला होता. खेळाचा तो संकेतच आहे, नाटकातल्या चौथ्या भिंतीसारखा. तो मान्य करून पुढे जायचं.

पण डेन्मार्कच्या या मंडळींना मुंबईचं एक मर्म कळलं आहे, हे मान्य करायला हवं. काम करणाऱ्या माणसाकडे या शहरात कुणी बघत नाही. पांढरी टोपी दिसते, डबेवाला दिसत नाही. इस्त्रीचं गाठोडं दिसतं, ते आणणारा दिसत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि परळ-लालबागमध्ये त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. तिथल्या फाटकावर मी उभा राहून बघितलं आहे. पाहुण्याला नाव, फ्लॅट, फोन नंबर वहीत लिहावा लागतो. खांद्यावर पिशवी नि अंगात कंपनीचा टी-शर्ट असलेला मुलगा मागच्या लिफ्टनं वर जातो. फोनवर एक विचारणा होते, पण त्याच्या चेहऱ्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. रोज येणारा मुलगा बदलला तरी वरच्या मजल्यावर ते कळत नाही. एजंट ४७ ला टॉवर सोपा जाईल तो यामुळे.

त्यांना कळली नाही ती चाळ. खेळात शिंप्याचे कपडे घालून जिने चढता येतात, गॅलरीतून चालत जाता येतं. खऱ्या चाळीत दुसऱ्या पायरीवरच आवाज येतो, ‘कोण पाहिजे?’ विचारणारी बाई तांदूळ निवडत असते, तिनं मानही वर केलेली नसते. पावलांचा आवाज नेहमीचा नाही एवढं तिला पुरतं. पुढे ‘कुणाकडे? ते तर गावाला गेलेत, काही निरोप आहे का?’ हे सगळं आपुलकीनंच. त्या एका प्रश्नातून कुणाची सुटका नाही, पोस्टमनच्या बदलीवर आलेल्या माणसाचीही नाही. खेळाच्या भाषेत सांगायचं तर चाळीत प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. टॉवरमध्ये कॅमेरे बत्तीस असतील, ठिपका एकाच्याही डोक्यावर नसतो. चाळी पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत असताना सुरक्षेच्या नावाखाली आपण नेमकं काय देऊन काय घेतो आहोत, हे मला तरी त्या परक्या लोकांनी केलेल्या मुंबईत हिंडताना जास्त स्पष्ट दिसलं. अर्थात चाळीतल्या या पहाऱ्याचा जाचही असतो. उशिरा घरी येणाऱ्या मुलीला विचारा. तिला टॉवरचं अनोळखीपण हवंसं वाटत असेल तर तिला दोष देता येत नाही.

या मांडणीतला शेवटचा, हिटमॅन ३, जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात ४७ ला खुनाचा तपास करणारा गुप्तहेर बनता येतं, आणि तो चौकशीसाठी घरभर हिंडतो. बाबूराव अर्नाळकर वाचून मोठे झालेल्यांना हा भाग फार आवडेल. पण खरी गंमत बर्लिनमध्ये आहे. तिथे एका नाइट क्लबात ४७ ला मारायला आलेले लोक गर्दीत मिसळलेले असतात. ते कोण, हे खेळ सांगत नाही. त्यांनीच शर्ट बदललेले आहेत आणि राज्य आपल्यावर आहे. मग गर्दीत कान लावून फिरायचं, कानातल्या यंत्रावर कोण बोलतंय ते हेरायचं.

२०१६ पासूनचे तिन्ही खेळ जानेवारी २०२३ मध्ये वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन या नावानं एकत्र केले गेले. कुणाला नव्यानं सुरुवात करायची असेल तर तिथूनच करावी, पहिल्या दोन जुन्या खेळांच्या वाटेला इतक्यात जाऊ नये. त्यांचं चालवणं आज फार अवघडल्यासारखं वाटतं. ब्लड मनी मात्र वेगळा मिळवून खेळावा, वर्तमानपत्रासाठी. आणि मुंबईचा भाग खेळताना घाई करू नये. टॉवरमध्ये शिरण्याआधी धोब्याच्या वेशात नुसतं पंधरा मिनिटं हिंडून यावं आणि कोण कोण आपल्याकडे बघतं ते मोजावं.