कोनांच्या जोड्या : रविवारी शिकवायला येणाऱ्यांसाठी



उपासनेनंतर आमच्या वसतिगृहात मुलींना शिकवायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण इंग्रजी किंवा विज्ञान मागून घेतात. भूमितीचे नाव काढले की, "ते शाळेतल्या सरांकडेच राहू द्या," असे हसत म्हणतात. म्हणून या अंकात नववीच्या भूमितीतला एकच भाग घेते : कोनांच्या जोड्या. हा भाग नीट बसला तर त्रिकोण, चौकोन, वर्तुळ हे पुढचे सगळे सोपे जाते. कच्चा राहिला तर दहावीला नडतो.

दहावीच्या गणितात बीजगणिताला ४० आणि भूमितीला ४० गुण असतात, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. भूमितीच्या सिद्धतेत नुसता आकडा पुरत नाही. पायरीपुढे कंसात कारण लिहावे लागते : विरुद्ध कोन, संगत कोन, व्युत्क्रम कोन. आमच्या मुली आकडा बरोबर आणतात आणि कंस कोरा सोडतात. घरी कोणी पावरी बोलते, कोणी भिली, कोणी कातकरी. पुस्तकातली मराठी त्यांनी शाळेत आल्यावर शिकली, आणि 'व्युत्क्रम' हा शब्द तर पुण्यात जन्मलेल्या मराठी मुलालाही घरात कधी ऐकू येत नाही. या मुलींना कोन दिसत नाही असे कोणी म्हटले तर मला राग येतो. कोन त्यांना चांगला दिसतो, अडते ते नावाशी. तेव्हा आधी वस्तू, मग नाव आणि शेवटी कारण, हा क्रम धरावा.

सुरुवात दोन काठ्यांनी करा. जमिनीवर एकमेकींवर आडव्या ठेवल्या की चार कोन होतात. एक कोन मोजून घ्या, समजा ७० अंश आला. त्याच्या शेजारचा कोन न मोजता सांगता येतो, कारण दोघे मिळून एका सरळ काठीच्या एका बाजूला बसले आहेत आणि सरळ कोन १८० अंशांचा. म्हणजे शेजारी ११०. ही रेषीय जोडी. आता त्या ११० च्या पलीकडचा शेजारी पाहा. तोही दुसऱ्या काठीवर रेषीय जोडीतच बसलेला, म्हणजे परत ७०. समोरासमोरचे कोन समान का, याचे उत्तर एवढेच आहे. हे विरुद्ध कोन. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले १५ वे विधान हेच सांगते. मुलींना पाठ करायला लावू नका, दोन वेळा १८० मधून वजा करायला लावा.

डहाणू-पालघरकडच्या मुलींसाठी याहून जवळचे उदाहरण वारली चित्रांत आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ही चित्रे शहरातल्या भिंतींवरही दिसतात. त्यातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरच्या त्रिकोणाच्या बाजू कमरेतून सरळ खाली उतरून खालच्या त्रिकोणाच्या बाजू झाल्या असतील, तर कमरेशी विरुद्ध कोन तयार होतात आणि ते समान असतात. पण तारपा नाचातला माणूस वाकलेला काढला की वरचा त्रिकोण कलतो, बाजू सरळ राहत नाहीत, आणि नियम लागू होत नाही. पुस्तकात 'दोन रेषा परस्परांना छेदतात' असे का लिहिलेले असते, ते या वाकलेल्या नाचणाऱ्याकडे पाहून चटकन कळते.

आता एक अडचण, जी शिकवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. मराठी पुस्तकात बेरीज ९० असेल तर कोटिकोन आणि १८० असेल तर पूरक कोन. हिंदीत मात्र ९० वाल्यांनाच 'पूरक कोण' म्हणतात, १८० वाले 'संपूरक'. आमची नंदुरबारच्या सीमेकडची एक मुलगी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करते. तिने ७० अंशांच्या पूरक कोनाचे माप २० लिहिले. व्हिडिओत बरोबर, मराठी पेपरात चूक! शिकवताना पहिल्याच दिवशी मुलीला विचारा की ती कोणत्या भाषेतले व्हिडिओ पाहते. हिंदी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नावे शेजारी लिहून द्या. 'कोटी' हा जुना शब्द आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हटले आहे, त्यातला कर्ण आजही पुस्तकात आहे. कोटिकोनांची जोडीही त्याच त्रिकोणात भेटते : काटकोन सोडून उरलेले दोन कोन. कंपासपेटीतल्या गुण्यांवर बोट ठेवून दाखवा, एकीवर ३० आणि ६०, दुसरीवर ४५ आणि ४५.

पूरक कोनासाठी कोनमापक पुरेसा आहे. त्याच्यावर एकाच रेघेपाशी दोन आकडे असतात, ७० आणि ११०, किंवा ४० आणि १४०. ती पूरक जोडीच. कोणता आकडा वाचायचा याचा गोंधळ नेहमी होतो, म्हणून मोजण्याआधी विचारा : हा कोन काटकोनापेक्षा लहान दिसतो की मोठा?

यानंतर समांतर रेषा आणि छेदिका. सातवीच्या पुस्तकात कोनांच्या जोड्या येतात, आठवीत समांतर रेषा व छेदिका, आणि नववीत तेच सिद्धतेसह. नावांसाठी मी पुण्याचे रस्ते घेते. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातात आणि लक्ष्मी रस्ता दोघांना छेदतो. लक्ष्मी रस्ता ही छेदिका. दोन चौक, प्रत्येकात चार कोपरे, एकूण आठ कोन. दोन्ही चौकांतला एकाच दिशेचा कोपरा घ्या, समजा नैर्ऋत्येचा : ते संगत कोन. आता दोन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात या. एका चौकात लक्ष्मी रस्त्याच्या उत्तरेचा कोपरा आणि दुसऱ्या चौकात दक्षिणेचा : ते व्युत्क्रम कोन. दोन्ही कोपरे उत्तरेचेच घेतले तर ते आंतरकोन. मुलींना बसमधून उतरवून दाखवायची गरज नाही, अंगणात खडूने रस्ते आखले तरी चालतात. एकीला एका कोपऱ्यात उभे करा आणि दुसरीला सांगा, "हिच्या व्युत्क्रम कोनात जाऊन उभी राहा." दहा मिनिटांत तो अवघड शब्द तोंडात बसतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जुन्या पेठांतले हे रस्ते पट्टीने आखलेले नाहीत, खरे समांतर नाहीत. तरी संगत, व्युत्क्रम ही नावे लागू पडतात, कारण नाव जागेवरून ठरते. समानता मात्र रेषा समांतर असतील तरच येते. मुली सर्वांत जास्त घसरतात त्या इथेच : आकृतीत रेषा समांतर दिसल्या की लगेच कोन समान लिहून मोकळ्या. प्रश्नात तसे दिलेले आहे का, हे आधी शोधायला लावा.

समानतेसाठी शिडी चांगली. पायऱ्या एकमेकींना समांतर, बाजूचा दांडा ही छेदिका. प्रत्येक पायरीचा दांड्याशी कोन सारखाच, हे संगत कोन. एखादी पायरी निसटून तिरकी झाली की तिचा कोन बदलतो, आणि उलट कोन तपासूनच पायरी समांतर बसली की नाही हे कळते. सुतार गुण्या लावून नेमके हेच पाहतो. पुस्तकात याला समांतर रेषांची कसोटी म्हणतात. रेषा समांतर असल्या की व्युत्क्रम कोनही समान, आणि आंतरकोनांची बेरीज १८०. छेदिका तिरकी असेल तर आठ कोनांत मापे फक्त दोन, आपल्या उदाहरणात ७० आणि ११०. एक कोन कळला की आठही कळतात. मुलींना याची गंमत वाटते, त्या एकमेकींना असे आकडे घालून बसतात.

उत्तर आले की थांबू नका. "कशावरून?" असे विचारा आणि कारण मोठ्याने म्हणवून घ्या, मगच लिहू द्या. पहिल्यांदा तिच्या बोलीत सांगितले तरी चालेल, मैत्रीण मराठीत करून देते.

नववीचा वर्ग रविवारी उपासनेनंतर दीड तास चालतो. येताना दोन काठ्या, सुतळी आणि खडू आणावेत. कोनमापक आमच्याकडे पुरेसे आहेत, कंपासपेट्या मात्र अर्ध्याच मुलींकडे आहेत, आणि गुण्यांवरचे आकडे पुसून गेले आहेत.