तेलाचे पाकीट आणि डॉलरचा भाव

महिन्याचा किराणा भरताना तेलाच्या पाकिटावरचा भाव वाढलेला दिसला, की आपल्या माता-भगिनी दुकानदाराशी वाद घालतात. दुकानदार म्हणतो, "काय करू ताई, वरूनच महाग येतंय." हे 'वर' म्हणजे नेमके कुठे, हे मात्र आपण विचारीत नाही. तेल, डॉलर आणि आपली मजुरी यांचे नाते कष्टकरी माणसाला कळलेच पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण या तिघांचा मेळ बिघडला की भुर्दंड पहिल्यांदा त्यालाच पडतो.

उदाहरण म्हणून २०२२ साल घेऊ. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, तर सूर्यफुलाचे तेल त्या वेळी मुख्यतः युक्रेन व रशियातून येत होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काळ्या समुद्रावरची युक्रेनची बंदरे बंद पडली. सूर्यफुलाचे तेल मिळेना, म्हणून गिऱ्हाईक पामतेलाकडे वळले आणि तेही भडकले. इंडोनेशिया हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक. पण त्या वर्षी तिथल्याच गोरगरीब बायकांना तेलासाठी रांगा लावाव्या लागल्या, कारण बाहेरच्या बाजारात भाव अधिक मिळत होता. शेवटी २८ एप्रिलला तिथल्या सरकारने निर्यात थांबवली. ती २३ मे रोजी पुन्हा सुरू झाली.

याच काळात जमिनीतून निघणारे कच्चे तेलही पेटले. मार्च २०२२ मध्ये त्याचा भाव पिंपाला १३० डॉलरच्या वर गेला. या तेलाचा आपल्या फोडणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर डिझेल महागले की मालवाहतुकीचे भाडे वाढते. दुसरे असे की, इंडोनेशियात पामतेलापासून केलेले इंधन डिझेलमध्ये मिसळतात. म्हणजे जे तेल आपल्या कढईत पडायचे, त्याला मोटारीची टाकीही गिऱ्हाईक झाली आहे.

आता डॉलरकडे वळू. हा सारा माल डॉलर देऊन घ्यावा लागतो. माल महागला की जास्त डॉलर लागतात, आणि डॉलरला मागणी वाढली की रुपया उतरतो. त्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून व्याजाचा दर वाढवायला सुरुवात केली. जवळजवळ शून्यावर असलेला दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर गेला. तिकडे व्याज चांगले मिळू लागताच परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून पैसा काढला. वर्षाच्या आरंभी ७५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरात ८३ रुपयांच्या वर गेला.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, एक टन तेल १००० डॉलरला मिळते. डॉलर ७५ रुपयांना असेल, तर किलोमागे ७५ रुपये पडतात. ८३ ला गेला, की ८३. परदेशात भाव एका पैशानेही वाढलेला नसताना आपल्याला किलोमागे ८ रुपये जादा मोजावे लागतात. त्या वर्षाच्या मध्यानंतर जगात पामतेल बरेच उतरले, पण त्या स्वस्ताईचा काही भाग उतरलेल्या रुपयानेच गिळला.

हा प्रश्न नवा नाही. एकेकाळी आपला रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचे चलन सोन्याचे. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त झाली, तसा २ शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली घसरला. या साऱ्या इतिहासाचा कसून अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपया स्वस्त असला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे त्या काळी व्यापारी व कारखानदार सांगत. हा फायदा कोणाच्या खिशातून येतो, असा प्रश्न बाबासाहेबांनी केला. रुपया उतरला की वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे हा लाभ परदेशातून येत नसून देशातल्याच एका वर्गाच्या पदरचे दुसऱ्या वर्गाकडे जाते, असे त्यांनी दाखवून दिले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही कमावून खाणाऱ्या माणसाची ही बाजू त्यांनी मांडली.

आजही हेच चालू आहे. सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो. किमान वेतनासोबतचा विशेष भत्ताही महागाईच्या निर्देशांकावर ठरतो, पण नाक्यावर उभा राहणारा बिगारी आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना हा निर्देशांक कोण लावतो? त्यांची मजुरी वर्ष-दोन वर्षे तीच राहते. तेलाचे पाकीट मात्र थांबत नाही.

आयात स्वस्त करा, एवढे म्हणूनही भागत नाही. बाहेरचे तेल फार स्वस्त आले, तर विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनचा भाव पडतो आणि शेतकऱ्याबरोबर त्याच्या शेतावर राबणारी आपलीच माणसे अडचणीत येतात. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने खाद्यतेलावरचा आयात कर वाढवला आणि २०२५ च्या मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचा कर पुन्हा घटवला. ही ओढाताण त्यातूनच होते.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. वर्तमानपत्रातला डॉलरचा भाव शेअरवाल्यांसाठी आहे, असे समजून पान उलटू नका. घरातल्या शिकत्या मुलामुलींना तो वहीत टिपायला सांगा आणि शेजारी तेलाचा भाव व घरात आलेली मजुरी लिहायला सांगा. वर्षभराने ती वही उघडली, की तीन आकड्यांपैकी कोणते दोन धावले आणि कोणता जागीच राहिला, ते दिसेल. मजुरी वाढवून मागायला जाल, तेव्हा ती वही बरोबर असू द्या.