जुन्या जीपचा जीर्णोद्धार

पैनगंगेच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत चाक कशी गिळते, हें ढाणकीकरांस सांगावयास नको. चारही चाकांस जोर पोंचविणारी जीपच अशा वाटेवर कामास येते. महिंद्रांच्या कंपनीनें मुंबईंत विलीज जीपची जुळणी आरंभिली. त्याच घराण्यांतील एक जुनी गाडी आमच्या वाड्यांत गंजत पडली होती.

दुरुस्तीचा विषय निघतांच चिरंजीवांनीं रुंद टायर, मोठे दिवे व नवा रंग यांची यादी पुढें केली. पैसे बेताचेच. आम्हीं मिस्त्रीस सांगितलें, 'आधीं ब्रेक, मग स्टीअरिंग, मग चासीचा गंज, रंग शेवटीं.' रुंद टायरांचा भार स्टीअरिंगवर व बेअरिंगांवर पडतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटीशीं विसंगत फेरफारास आड येतें. आणि पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी वाढवितांना तपासणी चुकत नाहीं.

रंगापुरते पैसे उरले नाहींत. चिरंजीव रुसले. पुढें उमरखेडहून परततांना भर पावसांत म्हैस आडवी आली. त्यांनींच ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. मागें आमच्या मातोश्री बसल्या होत्या. त्या रात्रीपासून रंगाचा विषय निघालेला नाहीं. जीर्णोद्धार करूं इच्छिणाऱ्यांनीं कळसापूर्वीं पाया पाहावा, हेंच आमचें सांगणें.