माणसे थोडी, पालिका फार

कॅनडातील सस्कॅचवन प्रांताची लोकसंख्या २०२१ च्या शिरगणतीत ११,३२,५०५ भरली. एवढ्या लोकांचा स्थानिक कारभार पाहावयास तेथे पावणेआठशेच्या घरात पालिका आहेत. त्यातही सस्काटून आणि रिजायना या दोन शहरांतच सुमारे ४३ टक्के लोक राहतात. उरलेल्या पालिकांच्या वाट्याला सरासरीने हजार माणसेही येत नाहीत. काही खेड्यांची वस्ती तर पन्नासच्याही खाली आहे. हिशेबी माणसाला ही निव्वळ उधळपट्टी वाटेल.

परंतु या पालिका लोकसंख्या पाहून जन्मलेल्याच नव्हेत. १९०५ मध्ये प्रांत अस्तित्वात आला आणि पुढील सात-आठ वर्षांत त्याच्या दक्षिण भागाचा नकाशा जणू पट्टी ठेवून आखला गेला. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे नऊ चौकोन मिळून एक ग्रामीण पालिका, असे साधारण प्रमाण ठरले. प्रत्येकीला क्रमांक मिळाला. तो आजही तिच्या नावापुढे लागतो. खेडी आणि नगरे मात्र रेल्वेने वसविली. घोड्याच्या गाडीतून धान्य आणून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, इतक्या अंतरावर स्थानक आणि धान्यकोठार उभे राहिले. मेलव्हिल या शहराचे नाव ग्रँड ट्रंक रेल्वेचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज यांचे. ते १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाजाबरोबर बुडाले. शहराचा दर्जा मिळण्यास पाच हजार वस्ती लागते. मेलव्हिलची वस्ती आज साडेचार हजारांच्या आसपास आहे, पण दर्जा कायम आहे. एकदा चढलेली पायरी लोकसंख्या घटली म्हणून आपोआप उतरावी लागत नाही.

लोकसंख्या घटली ती मात्र झपाट्याने. १९३६ मध्ये ९,३१,५४७ असलेला आकडा अवर्षण, मंदी आणि युद्ध यांच्या तडाख्यात १९५१ मध्ये ८,३१,७२८ वर आला. ट्रॅक्टर आले, शेते विस्तारली, शेतकरी कमी झाले. धान्यवाहतुकीचे रेल्वे अनुदान १९९५ मध्ये संपले आणि अनेक फाटे उखडले गेले. घोडागाडीच्या पल्ल्याचे गणितच उरले नाही. पालिका तेवढ्या उरल्या.

तरीही त्यांना केवळ अडगळ म्हणणे अन्यायाचे होईल. गावातील एकमेव डॉक्टर उत्पन्नाअभावी निघून जाऊ नये म्हणून सार्निया या ग्रामीण पालिकेने १९१४-१५ च्या सुमारास त्याला करांच्या पैशांतून १५०० डॉलर देऊ केले. १९१६ मध्ये कायद्याने या प्रथेस मान्यता दिली. पुढे १९३९ मध्ये मॅकिलोप पालिकेचे प्रमुख मॅट अँडरसन यांनी वर्गणीवर आधारित वैद्यकीय सेवेची योजना सुरू केली. १९६२ मध्ये या प्रांताने सार्वजनिक आरोग्यविमा आणला, तो कॅनडात पहिला. त्या वटवृक्षाची मुळे अशा चिमुकल्या पालिकांत होती. एवढे धाडस एखाद्या अवाढव्य जिल्हा-यंत्रणेला सुचले असते काय, याची शंकाच आहे.

म्हणूनच २००० साली एका अभ्यासगटाने पालिकांची संख्या सुमारे सव्वाशेवर आणण्याची सूचना करताच ग्रामीण भाग खवळून उठला आणि शासनाने सक्तीचा विचार सोडला. शेजारच्या मॅनिटोबाने मात्र हजारांहून कमी वस्तीच्या पालिकांवर विलीनीकरण लादले. २०१५ पर्यंत तेथील १९७ पालिकांच्या १३७ झाल्या. मॅनिटोबाचा मार्ग सुटसुटीत खरा, पण पाणीपुरवठा, अग्निशमन व रस्ते यांसाठी शेजारच्या पालिकांनी प्रथम एकत्र यावे आणि निवडून आलेले मंडळ शेवटी हलवावे, हा क्रम अधिक शहाणपणाचा. सस्कॅचवनमध्ये आज खेड्याने स्वतः ठराव करून विसर्जन मागितले, तर त्याचे रस्ते, नळ आणि देणी सभोवतालच्या ग्रामीण पालिकेकडे जातात. हे ओझे पत्करावयास ती पालिका नेहमीच उत्सुक असते, असे मात्र नाही.