मागून येणारी आपलीच गाडी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये 'गोइंग-टू-द-सन रोड' नावाचा सुमारे 80 किलोमीटरचा रस्ता आहे. त्याच्या घाटातल्या टप्प्यावर 21 फुटांहून लांब किंवा आरसे धरून 8 फुटांहून रुंद वाहनाला प्रवेश नाही. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरणारे तिथे पायथ्याशीच अडतात. तीस-पस्तीस फुटी घर घेऊन इतक्या लांब यायचं आणि 6,646 फुटांवरची लोगन खिंड न बघता परतायचं, हे कोणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून ही मंडळी घरची छोटी गाडी मागे जोडून आणतात. दूध-ब्रेडला जायचं तरी तीच कामाला येते. नाहीतर पाण्याची नळी आणि विजेची तार सोडवून अख्खं घर दुकानापर्यंत हलवावं लागतं.

गाडी ट्रेलरवर चढवता येते, किंवा फक्त पुढची दोन चाकं डॉलीवर ठेवून नेता येते. पण ट्रेलर काय नि डॉली काय, मुक्कामी पोचल्यावर ते धूड उभं कुठे करायचं? त्यामुळे बहुतेकांचा ओढा चारही चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढण्याकडे असतो. आपल्याकडे टोइंगचे नियम मुख्यतः बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरते. तिथे मात्र धडधाकट गाडी दिवसाला चार-पाचशे किलोमीटर नुसती ओढली जाते.

पण कुठलीही गाडी चालत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरत राहिली की आतले भाग तेलावाचून घासतात आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं वाटोळं होऊ शकतं. जीप रँग्लरला हा धोका नाही, कारण तिच्यात ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तोडता येतो. होंडाची सीआर-व्ही 2014 पर्यंत या लोकांची लाडकी होती. 2015 मध्ये तिला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती सोय गेली. तेव्हापासून जुनी, नीट राखलेली 2014 ची गाडी शोधणारे लोक भेटतात. शेजाऱ्याची गाडी ओढली जाते म्हणून आपलीही जाईल, हा हिशेब इथे महागात पडतो. त्या वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जे छापलं असेल ते खरं.

मग वजनाचा हिशेब. मोटरहोम आणि मागची गाडी मिळून किती वजन चालेल, याचा आकडा कंपनी देते. समजा तो 26,000 पौंड आहे. पाणी, डिझेल, भांडीकुंडी आणि माणसांसकट मोटरहोमच 22,000 भरलं, तर मागे उरले 4,000 पौंड, म्हणजे सुमारे 1,800 किलो. मोटरहोमचा हुक 5,000 पौंड ओढणारा असला तरी वरच्या 1,000 पौंडांचा उपयोग शून्य. यातला सगळ्यात छोटा आकडा पाळायचा. आणि वजन अंदाजाने नाही, ट्रकच्या वजनकाट्यावर करायचं.

आता प्रत्यक्ष जोडणी. जागा सपाट हवी आणि दोन्ही वाहनं एका रेषेत हवीत. गाडीच्या पुढच्या बंपरमागे, सांगाड्याला बोल्टने कायमची बसवलेली एक पट्टी असते. मोटरहोमच्या मागे बसवलेल्या टो-बारचे, म्हणजे ओढायच्या दांड्याचे, दोन लांब होणारे हात तिच्यात अडकवून पिना घालायच्या आणि प्रत्येक पिनेला क्लिप लावायची. टो-बार जवळपास आडवा राहिला पाहिजे. तो फार तिरका असेल तर जोरात ब्रेक लागताच मागची गाडी मोटरहोमखाली घुसू बघते किंवा वर चढू बघते. मग दोन सुरक्षा-केबल टो-बारखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. नंतर दिव्यांची वायर. शेवटी ब्रेकअवे स्विचची बारीक तार. ही तार मोटरहोमच्या सांगाड्यालाच बांधतात, टो-बारला कधीच नाही. टो-बारच निसटला तर ती ताणून स्विच ओढते आणि सुटलेल्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. टो-बारला बांधलेली तार टो-बारबरोबरच निघून जाईल.

जुन्या सीआर-व्हीत यानंतर आत बसून एक छोटा विधी उरतो. इंजिन सुरू, गिअर डीमध्ये, मग न्यूट्रल, तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद. किल्ली मात्र अॅक्सेसरीवर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं आणि पहिल्याच वळणावर पुढचे टायर रस्त्यावर फरफटतात. किल्ली दिवसभर अशी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून काहीजण एखादा फ्यूज काढून ठेवतात, तर काही मोटरहोममधून चार्जिंगची तार मागे आणतात.

मग ब्रेकची पेटी. ती ड्रायव्हरच्या पायाशी, सीटला टेकवून बसवतात आणि तिचा पंजा ब्रेक पॅडलला धरवतात. मोटरहोमचा वेग एकदम कमी झाला की पेटीला ते कळतं आणि ती दाबलेल्या हवेच्या जोरावर पॅडल दाबते. बसवण्याआधी इंजिन बंद असताना पॅडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्यायचं. ब्रेक बूस्टरमध्ये निर्वात पोकळी उरली तर पेटीचा तोच दाब कितीतरी जास्त लागतो आणि टायर घासतात. अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढे मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात. कायदा नसला तरी उतारावर दीड टन मागून ढकलत असताना ही पेटी असलेली बरी.

यात सगळ्यात जास्त घोळ घालतात ते गप्पिष्ट शेजारी. अर्ध्या जोडणीत कोणी 'कुठून आलात?' म्हणून विचारलं, की एखादी क्लिप राहून जाते. म्हणून जाणती जोडपी कामं वाटून घेतात. एकाने जोडायचं, दुसऱ्याने शेवटी प्रत्येक पिनेला हात लावून बघायचं, दिवे तपासायचे आणि हँडब्रेक सुटलाय ना ते पाहायचं. मग मोटरहोम हळूच पुढे घेतलं की टो-बारचे हात खट्कन लॉक होतात. एक हात जरी लॉक झाला नाही तरी निघायचं नाही.

एवढी काळजी घ्यायची कारण पुढे बसलेल्याला मागचं काही कळत नाही. दहा टनांच्या वाहनात मागच्या गाडीचा टायर फुटला तरी स्टिअरिंगला साधी थरथर येत नाही. ब्रेक अडकून चाक धुरावलं, तर बऱ्याचदा बाजूने जाणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून सांगतो. म्हणून मागचा कॅमेरा सतत चालू ठेवतात आणि चारही टायरमध्ये हवेचे सेन्सर बसवतात. निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून चाकांची उष्णताही बघतात. कॅलिफोर्नियात काही ओढणाऱ्या वाहनाला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे, आणि तेवढा वेग पुरे.

रिव्हर्स मात्र बंद. पुढे जाताना मागच्या गाडीची पुढची चाकं आपोआप दिशा धरतात, पण मागे ढकललं की ती सुपरमार्केटच्या ढकलगाडीच्या चाकांसारखी भलतीकडे वळतात आणि टो-बार वाकतो. त्यामुळे पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर कसं पडायचं हे ठरलेलं हवं. आत अडकलंच, तर मागे गाड्यांची रांग खोळंबलेली असताना सगळं सोडवत बसावं लागतं.

सोडवतानाही पिना काढण्याआधी गाडी पार्कमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा असतो, नाहीतर उतारावर ती एकटीच निघते. कधी मोटरहोम जरा वळून थांबलेलं असतं आणि ताण आल्याने पीन हलतच नाही. मग कोणीतरी हातोडी शोधायला धावतं. त्यापेक्षा मोटरहोम फूटभर सरळ पुढे घेतलं, किंवा गाडीत बसून स्टिअरिंग थोडं इकडेतिकडे फिरवलं, की तीच पीन बोटांनी निघते.