जाताना आठ तास, येताना साडेसहा

एका वाचकाने विचारलंय: लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तास आणि परतायला साडेसहा, असं का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क उलट विमानाकडेच येत असणार!

शंका रास्त आहे. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान उडतं ते त्या हवेत. गंमत अशी की दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, त्या अक्षांशांत, हवा जमिनीच्याही पुढे पूर्वेकडे धावत असते. हीच जेट स्ट्रीम. फेब्रुवारी 2020 मध्ये, किआरा वादळाच्या दिवसांत, ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. ‘ध्वनीपेक्षा वेगवान’ असे मथळे लगेच झळकले. कसलं काय! भोवतालच्या हवेतून ते रोजच्याच वेगाने चाललं होतं. ध्वनीला खरोखर मागे टाकणाऱ्या काँकॉर्डने 1996 मध्ये हाच पल्ला तीन तासांच्या आत गाठला होता.

बरं, येताना वाचलेला वेळ जाताना खर्च झाला, म्हणजे फिट्टंफाट? नाही. शाळेतलं प्रवाहातल्या नावेचं गणित आठवा. अंतर साधारण 5,540 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, वारा 150 धरू. वाऱ्याबरोबर सव्वापाच तास, वाऱ्याविरुद्ध सात तास 23 मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन जेवढा वेळ लागला असता, त्याहून 21 मिनिटं जास्तच. उलटा वारा नुसता जास्त छळत नाही, जास्त वेळ छळतो. म्हणून तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात. नकाशावरची सर्वांत जवळची वाट सर्वांत लवकरची असेलच असं नाही.

या वाऱ्याच्या शोधाचं श्रेय बहुतेकदा दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांना दिलं जातं. मला आठवतात ते वासाबुरो ओइशी. तोक्योजवळच्या तातेनो वेधशाळेत 1920 च्या दशकात हे गृहस्थ फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. ठरावीक वेळाने कोन टिपायचे, त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. काम चिकाटीचं, कारण ढग आले की फुगा गडप. हिवाळ्यात नऊ किलोमीटरवर वारा सेकंदाला सत्तर मीटरच्या घरात मिळाला, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर! जगाने वाचावं म्हणून त्यांनी 1926 चा अहवाल चक्क एस्परान्तोत छापला. ते त्या भाषेचे कट्टर पुरस्कर्ते. जगाला ती येतच नव्हती, त्याला ते तरी काय करणार?

नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 विमानं उंचावरून तोक्योवर बॉम्ब टाकायला आली, तेव्हा या वाऱ्याने त्यांचा नेम पार चुकवला. ज्या वाऱ्याने वैमानिक चक्रावले, त्याची मोजमापं अठरा वर्षं आधीच छापून झाली होती.